मानशीची फळी कुणाच्या हाती?

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, आणि माझ्या माहितीतल्या प्रत्येक गावाचा स्वतःचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे. कुठे एक, कुठे चार-पाच. नळाला पाणी कधी येणार इथपासून डोंगरावर कुणाचा प्रकल्प येतोय इथपर्यंत सगळे तिथे बोलले जाते. पूर्वी हीच बोलणी देवळाच्या सभामंडपात, पसऱ्याच्या, म्हणजे छोट्या दुकानाच्या, पायरीवर, घराच्या सोप्यावर व्हायची. आता ती रात्रीची जेवणे आटोपल्यावर मोबाईलवर होतात. त्यात मला काही गैर दिसत नाही. ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेल्या कितीतरी बायका इथे लिहू लागल्या, मुंबई-पुण्याला आणि आखातात नोकरीसाठी गेलेली मुले गावाशी जोडलेली राहिली.

माझी तक्रार वेगळी आहे. गावाच्या सार्वजनिक जीवनाचा एवढा मोठा भाग या ग्रूपवर गेला, पण तो चालवायचा कसा याचा विचार आपण नेटाने कधी केला नाही. ग्रूप काढायला एक मिनिट पुरते. काढणारा सगळ्यात आधी माणसे भरू लागतो. दोनशे झाली, पाचशे झाली, हजाराकडे चालली, की ग्रूप वाढला असे आपण म्हणतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. चर्चेसाठी काढलेला ग्रूप लहान ठेवावा, त्याचे दार कुणाच्या हाती आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे, आणि ज्याचा लाभ नुसत्या संख्येत आहे त्याच्या हाती ते दार कधीही देऊ नये.

फोंडा तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते. गावाच्या मोठ्या ग्रूपवर सातशेच्या आसपास माणसे. एका रविवारी सकाळी कुणीतरी फोटो टाकला: गावाबाहेरच्या उतारावर जेसीबी चालू आहे, लाल माती उघडी पडली आहे, काजूची झाडे आडवी झाली आहेत. लगेच रागावलेले चेहरे, ‘निषेध’, ‘पंच झोपले काय?’, ‘आता गाव जागा झालाच पाहिजे’. एकाने भलत्याच गावातला जुना फोटो टाकला, दुसऱ्याने तो इथलाच समजून पुढे पाठवला. अकरा वाजेपर्यंत विषय दोन पक्षांच्या भांडणावर आला. दुपारी कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि डोंगर वर सरकून दिसेनासा झाला. या सगळ्याच्या मध्ये एका बाईने एकच ओळ लिहिली होती: ‘सर्वे नंबर कोणाला माहीत आहे काय?’ तिला उत्तर मिळाले नाही.

त्याच गावात चाळीस-पन्नास जणांचा आणखी एक ग्रूप आहे. मुळात मराठी पुस्तके एकमेकांना द्यायला-घ्यायला म्हणून निघालेला, पण हळूहळू त्यावर गावाचे विषयही येऊ लागले. तोच फोटो तिथेही आला आणि त्याच बाईने तोच प्रश्न तिथेही विचारला. शेजारच्या बागायतीवाल्याने सर्वे नंबर दिला. एका मुलीने एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी सरकारी नोंद, काढून ग्रूपवर टाकला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी समजावले, की नगरनियोजन कायद्याचे कलम १७-अ परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला मनाई करते, आणि तक्रारीत सर्वे नंबर, जागेची खूण आणि तारखेसह फोटो हवेत. कुणीतरी विचारले, ‘पण परवानगी असली तर?’ हा प्रश्न मोठ्या ग्रूपवर कुणालाच सुचला नव्हता. मग अर्जात पहिले वाक्य तेच गेले: परवानगी आहे का ते कळवावे, नसल्यास काम थांबवावे. सोमवारी तिघे जण जाऊन अर्जाची पोच घेऊन आले.

दोन्ही ग्रूपमध्ये मी होते. माणसे काही वेगळ्या जातकुळीची नव्हती. लहान ग्रूपमधली बहुतेक सगळी मोठ्या ग्रूपमध्येही होतीच. तो निवृत्त गृहस्थ तिथेही होता, पण तिथे तो गप्प राहिला. का, असे मी त्याला विचारले. म्हणाला, ‘तिथे लिहून काय करू? खाली पाच मिनिटांत पन्नास मेसेज येतात. आणि जो वाचेल तो कोण, ते मला माहीत नाही.’

सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. माणूस विचार करून लिहितो तो समोर कोण आहे हे ठाऊक असते तेव्हा. रॉबिन डनबर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडले, की एका माणसाला नीट ओळख ठेवून नाते सांभाळता येते ते साधारण १५० जणांशी. या आकड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण गावात वाढलेल्या कुणालाही त्यातला मुद्दा पटेल. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरच्या समूहांविषयी एक ठोकताळा सांगितला: शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. सातशेच्या ग्रूपला हे लावून पाहा. सात माणसांचा आवाज म्हणजे गावाचा आवाज, असे चित्र उभे राहते. आणि हे सात जण सगळ्यात जाणते असतात असे नाही, बहुधा सगळ्यात जास्त मोकळा वेळ असलेले असतात.

तरीही माणसे भरण्याची घाई का? एक कारण कंपनीने दिलेली मोकळीक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपची मर्यादा आधी १०० होती, मग २५६ झाली, २०२२ मध्ये ५१२ आणि त्याच वर्षी १०२४. दुसरे कारण आपल्या गोव्याचे आहे आणि ते जास्त खोल आहे. विधानसभेच्या ४० जागा आणि २०२२ साली साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका मतदारसंघात तीस हजारांहूनही कमी. सांत आंद्रेचा निकाल त्या वर्षी ७६ मतांनी लागला. पंचायतीच्या वॉर्डात तर काही शेकडा मतांचाच खेळ. अशा ठिकाणी सातशे गावकऱ्यांचे नंबर एका ठिकाणी असणे ही मोठी मिळकत होते. ज्याला पुढे उभे राहायचे आहे त्याला हा ग्रूप हवा असतो, त्याच्या माणसाला अ‍ॅडमिन करून हवे असते. त्याला चर्चा नको, वाचणारे डोळे हवेत. निवडणूक लढवण्यात काही वाईट नाही, लोकशाहीत कुणीतरी लढवायलाच हवी. पण अशा माणसाच्या आणि चर्चेच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि एकाच दारातून दोन्ही भागत नाहीत.

इथे मला खाजनातली मानस आठवते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगते. मांडवी-झुवारीच्या काठाने, चोडण-दिवाडीपासून कुडतरीपर्यंत, भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून शेतीखाली आणली. तीच खाजन जमीन. बांधात जिथे पाण्याला वाट ठेवलेली असते तिथे मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातले जादा पाणी बाहेर जाते. आत कोरगुटसारखे खारटपणा थोडाफार सोसणारे भात, आणि मानशीच्या तोंडाशी मासळी. मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. शेत, मासळी, बांध, सगळे एकमेकांवर उभे.

ही घडी कुठे बिघडली? पावणी घेणाऱ्याला मासळी जास्त हवी असते. दारे जास्त वेळ उघडी ठेवली की भरतीबरोबर मासे जास्त आत येतात. फळी थोडी अडकवून ठेवायची, बस्स. त्याचे जाळे भरते. पण आत शिरलेले मीठ शेतात राहते, आणि एकदोन हंगामांत भात येईनासे होते. मग शेतकरी शेत सोडतो, बांधाकडे कुणी पाहत नाही, बांध फुटतो, आणि शेवटी खारफुटी वाढते. कितीतरी खाजने अशीच गेली. मानशीत दोष नव्हता, मासेमारीतही नव्हता. फळी ज्याच्या हाती होती त्याचा लाभ शेतात नव्हता, एवढेच.

गावाच्या ग्रूपचे हेच होताना मी पाहते. मासळी मोजणाऱ्याच्या हाती फळी गेली, की आत काय पिकते आहे हे बघायला कुणी उरत नाही. आणि बिघाड लगेच दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. सदस्यसंख्या वाढतच असते. फक्त विचार करून लिहिणारी माणसे एकेक करून गप्प होतात. ती ग्रूप सोडतसुद्धा नाहीत, कारण ‘अमका बाहेर पडला’ हे आता फक्त अ‍ॅडमिनला कळवले जात असले, तरी गावात ते पसरते आणि दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी होते. ती म्यूट करतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. स्वित्झर्लंडमधली गायराने, जपानी गावांची सामायिक राने, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाण्याचे पाट अशी सामायिक मालमत्ता माणसे शेकडो वर्षे कशी टिकवतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष आपल्या बापजाद्यांना नवे वाटले नसते. मालमत्ता कुणाची आणि बाहेरचा कोण हे स्पष्ट हवे. नियम पाळायचे त्यांचा नियम करण्यात हात हवा. राखण करणारा त्या लोकांनाच उत्तरदायी हवा. आणि चूक करणाऱ्याला शिक्षा हलकीपासून सुरू व्हावी, एकदम हाकलून देऊ नये. ग्रूप चालवणाऱ्याला याहून जास्त सिद्धांताची गरज नाही.

आता दाराविषयी. माणसे आत घ्यावीत, पण थोडी थोडी. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात यूजनेट नावाचे चर्चेचे जाळे होते. अमेरिकेत दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि त्यांना यूजनेट मिळे. मग काही आठवडे गोंधळ, आणि जुन्यांचे बघून नवे रीत शिकले की पुन्हा शांतता. १९९३ नंतर इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांनी सामान्य ग्राहकांनाही ही वाट खुली केली. नव्यांचा लोंढा थांबेचना, आणि जुन्यांना शिकवायला फुरसत मिळेना. ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ असे त्या काळाला लोक अजून म्हणतात. बोलण्याची रीत वाचून येत नाही, बघून येते. चाळीसांच्या ग्रूपमध्ये महिन्याला दोन-तीन माणसे आली तर ती जुन्यांसारखी वागू लागतात. एका रात्रीत साठ आली तर जुने साठांसारखे वागू लागतात. म्हणून ‘लिंकवरून या’ ही पद्धत मला साफ नामंजूर आहे. कुणीतरी ओळख करून द्यावी, आलेल्याने दोन ओळींत आपण कोण ते सांगावे, आणि ज्याने आणले त्याने पहिले काही आठवडे त्याच्याकडे लक्ष द्यावे.

यावर सगळ्यात जड आक्षेप येतो तो मी टाळणार नाही. लहान ग्रूप म्हणजे कंपू नव्हे काय? आपल्या ओळखीचे, आपल्या जातीचे, आपल्या वाड्यावरचे चाळीस जण जमवायचे आणि त्याला गाव म्हणायचे? हा आक्षेप खरा आहे आणि गोव्याच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. ज्या खाजनांचे मी वर गोडवे गायले ती सांभाळणारी गावाची जुनी संस्था म्हणजे गावकरी, अर्थात कोमुनिदाद. तिच्यात गावकार म्हणून हक्क होता तो मूळ घराण्यांतल्या पुरुष वंशजांचा. बायका नाहीत, कष्टकरी नाहीत, नंतर येऊन राहिलेले नाहीत. बांध उत्तम सांभाळला गेला, पण चिखलात उतरणाऱ्याला बैठकीत बसायला जागा नव्हती. ती व्यवस्था जशीच्या तशी परत यावी असे माझ्या मनातही नाही.

म्हणून लहान ठेवायचे तर मुद्दाम निवडून ठेवावे लागते. प्रत्येक वाड्यावरची माणसे आहेत का? भाटकार, म्हणजे जमीनमालक, आहे तसा त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार आहे का? बायका निम्म्या आहेत का, आणि त्यातल्या लिहिणाऱ्या किती? खोली भाड्याने घेऊन दहा वर्षे गावात राहणारा, मुले इथल्याच शाळेत घातलेला माणूस आहे का? पंचविशीतले कुणी आहे का? हे प्रश्न अ‍ॅडमिनने वर्षातून एकदा तरी उघडपणे विचारावेत. ज्याची जागा रिकामी दिसेल त्याला घरी जाऊन बोलवावे. सातशेच्या ग्रूपमध्ये सगळे ‘आहेत’ म्हणून हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि तरी तिथे लिहिणारे कोण आहेत ते बघितले तर बहुधा त्याच दोन वाड्यांचे, त्याच वयाचे पुरुष असतात. संख्येने सगळ्यांना आत घेतल्याचे समाधान मिळते, पण आवाज मिळत नाही.

मोठ्या संख्येची गरज असतेच, तेही मान्य. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा पेटला आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला, तो हजारोंच्या बळावर. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचा जन्मही झाला नव्हता. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० च्या टाळेबंदीत तरुण मुलांनी चित्रे, पत्रे, अभ्यास यांचा धडाका लावला, आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. पण हजारो लोक मैदानात उतरतात ते आधी कुणीतरी नकाशा उलगडून, कुठला सर्वे नंबर कुठल्या रंगात गेला ते रात्री जागून तपासलेले असते म्हणून. ते तपासण्याचे काम हजारांत होत नाही. हाक द्यायला मोठा ग्रूप ठेवा, त्यावर फक्त सूचना जाऊ द्या. चर्चा दुसरीकडे करा. दोन्ही एकाच ठिकाणी कोंबले की हाकही ऐकू येत नाही आणि चर्चाही होत नाही.

लहान गावात आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. मोठ्या शहरात अनोळखी माणसाशी वाद घालता येतो. आमच्याकडे ज्याच्याविरुद्ध लिहायचे तो सरपंचाचा भाचा असतो, मुलीच्या शाळेत कारकून असतो, किंवा जत्रेला शेजारी बसणारा असतो. १४ लाख ५८ हजार लोकसंख्येच्या राज्यात (ही २०११ ची जनगणना) कुणीही कुणाला तिसऱ्या नावावर ओळखतो. इथे सगळ्यांची ओळख असते हेच ग्रूपचे बळ, आणि तोंड दाबले जाते तेही त्याच ओळखीमुळे. नाव लपवून कुणीही काहीही लिहावे, याच्या मी विरोधात आहे. त्यातून चिखलफेकच होते. पण एक मधला मार्ग मी चालताना पाहिला आहे. सदस्य आपला प्रश्न अ‍ॅडमिनला खासगीत पाठवतो, अ‍ॅडमिन तो ‘एका सदस्याचा प्रश्न’ म्हणून मांडतो. नाव त्याला ठाऊक असते, म्हणून खोट्याला जागा नसते, आणि विचारणाऱ्याला उद्या कुणी अडवत नाही. अट एकच: प्रश्न असावा, आरोप नसावा. मी पाहिले तिथे हे सुरू झाल्यावर विचारणाऱ्यांत बायकांची आणि तरुणांची संख्या वाढली.

असा अ‍ॅडमिन विश्वासाचा हवा, हे ओघानेच आले. आणि त्याला भीती वाटता कामा नये. ‘कुणी काही भलते टाकले तर पोलीस मला पकडतील’ या धास्तीने कितीतरी अ‍ॅडमिनांनी ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ हे बटण दाबून ठेवले आहे. मग ती चर्चा राहिलीच कुठे? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत असल्याचे दिसल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. गोवाही याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. कायदा असा असताना घाबरून दार लावण्याचे कारण नाही. घाणेरडा मजकूर आला तर २०२२ पासून अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. काढावा, आणि का काढला ते एका ओळीत सांगावे. न सांगता काढलेला मेसेज दहा अफवा जन्माला घालतो.

भांडणाऱ्याला आवरण्याचा क्रमही तसाच. आधी फोन. ग्रूपवर नव्हे, फोनवर, आणि शक्य असेल तर घरी जाऊन. आमच्याकडे कोण कुठे राहतो ते ठाऊक असते, त्याचा उपयोग करावा. मग काही दिवस लिहू नका अशी विनंती. अगदी शेवटी बाहेर काढणे, तेही अ‍ॅडमिनने एकट्याने न ठरवता. चारचौघांत अपमान झालेला माणूस सुधारत नाही, तो दुसरा ग्रूप काढतो आणि तिथे पहिल्याविषयी बोलतो. गावातल्या चार-पाच ग्रूपपैकी निदान दोन अशा रागातून निघालेले असतात.

फॉरवर्डविषयी माझे मत कडक आहे. अफवांवरून जमावाने माणसे मारल्याच्या घटना देशात घडल्या, तेव्हा २०१८ मध्ये कंपनीने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्ड करण्याची सोय ठेवली. पण गावाच्या चर्चेला तेवढे पुरत नाही. बाहेरून आलेला मजकूर टाकायचा असेल तर टाकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहावी: हे मी का टाकतो आहे, आणि मला ते खरे का वाटते. या एका नियमाने नव्वद टक्के फॉरवर्ड आपोआप थांबतात, असा आकडा मी देणार नाही; पण ज्या ग्रूपने तो लावला तिथला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

भाषेचा विषय काढल्याशिवाय गोव्यात कुठलीही चर्चा पुरी होत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही शासकीय कामात वापर करण्याची तरतूद झाली. तेव्हापासूनची जखम दोन्ही बाजूंना अजून दुखते. मराठी ग्रूपवर हा विषय निघाला की रात्र सरते. काही अ‍ॅडमिन तो विषयच बंद करतात. ते मला पटत नाही. ज्यावर माणसांचे मनापासून प्रेम आहे तो विषय बंद करून ग्रूप जिवंत राहत नाही. पण पाण्याच्या चर्चेत, रस्त्याच्या चर्चेत तो घुसू देऊ नये. त्याच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी, शक्य तर समोरासमोर बसून. आणि आम्हा मराठीवाल्यांना एक कळकळीची विनंती: कॉलेजातला मुलगा रोमन अक्षरांत, अर्धी मराठी अर्धी कोकणी लिहितो, तेव्हा त्याचे ऱ्हस्व-दीर्घ काढू नका. त्याने सर्वे नंबर बरोबर दिला आहे ना? मग त्याला उत्तर द्या. आपण मराठीचे रक्षण केले असे वाटते आणि प्रत्यक्षात मराठी ग्रूपमधला सगळ्यात तरुण माणूस घालवलेला असतो.

समोरासमोर बसणे हे तर मी प्रत्येक ग्रूपला सांगते. गोवा आहे ३,७०२ चौरस किलोमीटर. पेडणे ते काणकोण सगळा एका दिवसात जाऊन येण्याजोगा. एका गावाच्या ग्रूपला तर चालत भेटता येते. ऑनलाइन चर्चेने चढलेला पारा चहाच्या कपाबरोबर उतरतो. ज्यांनी एकदा एकत्र बसून चहा घेतला आहे त्यांची पुढची महिनाभराची भाषा बदलते. परदेशातल्या मंडळींना व्हिडिओवरून सामील करून घ्यावे, त्यांच्या आठवणी आणि त्यांची मदत दोन्ही मोलाच्या आहेत. मात्र ग्रामसभेत काय ठराव मांडायचा याचा शेवटचा शब्द, रविवारी ग्रामसभेत जाऊन बसणार आहेत त्यांचा असावा. दूरवरून कडक भाषा सुचवणे सोपे असते. हात वर करून सगळ्यांच्या नजरेला नजर देणे इथल्यांना करावे लागते.

आणि लिहून ठेवणे. गप्पांच्या ग्रूपला स्मरण नसते. गेल्या वर्षी पाणी खात्याच्या अर्जात काय लिहिले होते ते शोधायला तीन जण अर्धा तास बोट वर सरकवत बसतात. कंपनीच्या भरवशावर तर काहीच सोडू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले, याहू ग्रूप्स डिसेंबर २०२० मध्ये. त्यांच्यावर वर्षानुवर्षे झालेली बोलणी त्यांच्याबरोबर गेली. महिन्याच्या शेवटी कुणीतरी एका पानावर लिहावे: काय विचारले गेले, काय उत्तर मिळाले, कुठला अर्ज कुणी दिला, पोच कुणाकडे आहे. ते पान सगळ्यांना पाठवावे आणि एक प्रत छापून वाचनालयात ठेवावी. हे काम पाळीपाळीने फिरवावे. ज्याच्या वाट्याला ते येते तो त्या महिन्यात सगळ्यात लक्ष देऊन वाचतो, नुसते वाचणाऱ्यांतला असला तरी. कितीतरी न लिहिणारी माणसे अशा पानातून लिहिती झाली. म्हणून ‘जे लिहीत नाहीत त्यांना काढून टाका’ ही मोहीम मला मूर्खपणाची वाटते. वाचणारा उद्याचा लिहिणारा असतो, आणि नसला तरी गावात चार ठिकाणी बरोबर माहिती सांगणारा तोच असतो.

अ‍ॅडमिन तीन असावेत, त्यातली एक तरी बाई, आणि सगळे एका घरातले किंवा एका पक्षातले नसावेत. मुदत एक वर्षाची. चतुर्थीच्या सुमारास सगळे गावात असतात, तेव्हा बदलावेत. निवडणुकीला उभा राहणाऱ्याने, किंवा कुणासाठी उघड प्रचार करणाऱ्याने, त्या काळापुरते अ‍ॅडमिनपद सोडावे. सदस्य म्हणून तो राहू शकतो, बोलू शकतो, त्याच्याकडून उत्तरे मागता येतात. हा नियम आधी ठरवून ठेवावा, कुणाचे नाव समोर नसताना. नाव समोर आल्यावर केलेला नियम त्या माणसाविरुद्ध केला असेच दिसते, आणि ते त्याला लागते.

शंभराच्या पुढे ग्रूप जाऊ लागला की त्याचे दोन करावेत, आणि ते विषयावरून करावेत, माणसांवरून नव्हे. फोंड्याच्या त्या पुस्तकवाल्यांनी तसेच केले: जमीन आणि पंचायत एकीकडे, पुस्तके आणि शाळा दुसरीकडे. ज्याला दोन्ही हवे तो दोन्हीकडे. नव्या ग्रूपला जुन्यातली पाच-सहा मुरलेली माणसे दिली, कारण रीत त्यांच्याबरोबर जाते. पहिले काही महिने दोन्हीकडचे अ‍ॅडमिन एकत्र बसत होते. शेजारच्या गावातल्या कुणी ‘आम्हालाही तुमच्यात घ्या’ म्हटले, तेव्हा त्यांनी घेतले नाही. त्याऐवजी दोघी जणी त्या गावात जाऊन बसल्या, त्यांच्यातल्या वीस-पंचवीस जणांचा वेगळा ग्रूप काढून दिला, एक-चौदाचा उतारा कसा काढायचा आणि अर्जाची पोच कशी घ्यायची ते शिकवून परत आल्या. पहिल्या गावात माणूस एकही वाढला नाही, आणि शेजारच्या गावाने पुढच्या ग्रामसभेत आपला पहिला लेखी प्रश्न स्वतः मांडला.